एकट्याने चंद्रनाथ चढायचा तर

गोव्यात पहाटे एकट्याने डोंगर चढून बघायचा असेल, तर सुरुवात पारोड्याच्या चंद्रनाथापासून करावी, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. उंची साधारण 350 मीटर. माथ्यावर चंद्रेश्वर भूतनाथाचे देऊळ असल्यामुळे वाट वहिवाटीची आहे. वर जाणारे भाविक, पूजेची माणसे, कोणी ना कोणी भेटते. एकट्या माणसाला हा फार मोठा आधार. सत्तरी-सांगेच्या अभयारण्यांतले डोंगर पहिल्या खेपेला नकोत. तिथे वनखात्याची परवानगी लागते आणि वाटाड्याशिवाय शिरूही नये.

आदल्या रात्रीचे सगळ्यात महत्त्वाचे काम म्हणजे घरच्या किंवा शेजारच्या एका माणसाला नीट सांगून ठेवणे. 'सकाळी डोंगरावर जाऊन येतो' एवढ्याने भागत नाही. 'सव्वासहाला पारोड्याहून चढणार, साडेनऊपर्यंत खाली येणार, दहापर्यंत फोन आला नाही तर चौकशीला लाग' असे वेळेसकट सांगा, आणि ते मेसेजमध्येही लिहा. मग सांगितलेली वाट वर गेल्यावर बदलू नका. समोर एखादी पायवाट झाडीत वळताना दिसते, मोह होतो. पण तुम्हाला शोधायला येणारा माणूस त्या पायवाटेवर येणार नाही.

मडगावहून दुचाकीने पारोडा अर्ध्या तासाच्या आत येते. गाडी पायथ्यालाच ठेवा. डांबरी रस्ता पार वरपर्यंत जातो आणि शेवटी पायऱ्या लागतात, त्यामुळे 'गाडी जाते तर चालायचे कशाला' असे कोणीतरी म्हणणारच. गाडीतून डोंगर दिसत नाही, एवढेच माझे उत्तर. रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. वळणांवर कानात इअरफोन नकोत.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मे महिन्यात सहाच्या सुमारास. मिट्ट काळोखात चढायला लागू नका. तांबडे फुटून रस्ता दिसायला लागला की निघा, तरी टॉर्च जवळ असू द्या. सूर्योदय माथ्यावरूनच बघायचा हा हट्टही सोडा. सूर्य सह्याद्रीच्या बाजूने येतो आणि बघण्यासारखे खरे दृश्य त्यानंतर पश्चिमेला उलगडते. चंद्रनाथाची लांबलचक सावली खालच्या शेतांवर आणि माडांवर पडलेली असते. तिच्या कडेवर नजर ठेवून दहा मिनिटे उभे राहा. ती डोंगराकडे सरकताना दिसते आणि तिने सोडलेली शेते एकेक करून उजळत जातात. हवा स्वच्छ असली तर त्यापलीकडे समुद्राची रेघ लागते. थंडीत सखल भागात धुके साचलेले असले, तर माडांचे नुसते शेंडे वर राहतात.

चढाला सव्वा तास धरा. पहिली वीस मिनिटे मुद्दाम सावकाश चाला. बोलता येईल इतकाच दम लागला पाहिजे. तोंडाने श्वास घ्यावा लागला, तर चाल जास्त झाली. एक लिटर पाणी, दोन केळी, पूर्ण चार्ज केलेला फोन आणि काठी एवढे सामान पुरे. काठी पुढे आपटत चाला, पाचोळ्यात पाय घालू नका आणि बसण्याआधी जांभ्याच्या खाचा नीट बघून घ्या. आपल्याकडे घोणस, फुरसे, नाग, मण्यार हे चारही विषारी साप आहेत. दंश झालाच तर चिरू नका, आवळून बांधू नका; तो अवयव स्थिर ठेवा, 108 ला फोन करा आणि आसपासच्या माणसाला हाक मारा.

देवळात जायचे तर अंगभर कपडे घाला, चपला-बूट बाहेर काढा आणि पूजा चालू असेल तर फोटोंचा सोस आवरा. हे फार जुने स्थान आहे. इथून जवळचे चांदर म्हणजे भोज राजांची राजधानी चंद्रपूर. पौर्णिमेचे चांदणे लिंगावर पडते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. थोडा वेळ तिथे शांत बसा. एकटे आल्याचा खरा फायदा हाच, की उठायची घाई करणारे कोणी नसते.

उतरताना पावले आखूड टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा. पायऱ्यांवर पूर्ण पाऊल टेकवा. खाली पोचलात की आधी तो ठरलेला फोन करा, भाजीपाव त्यानंतर.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चनंतर ऊन लवकर चटके देते, तेव्हा आठाच्या आत उतरायला लागा. पावसाळ्यात डोंगर देखणा असतो, पण दगडांवर शेवाळ धरते आणि कुशावतीला पूर आला की पारोड्याचा रस्ताच पाण्याखाली जातो. त्या दिवसांत जायचेच असेल तर सोबत घेऊन, पावसाचा जोर ओसरल्यावर जा.