डायलिसिसच्या मशीनवर व्यायाम कसा करायचा, एका पेशंटकडून

डायलिसिस सुरू झालं की घरातले, शेजारचे, गावाकडचे सगळे एकच सांगतात, आता फक्त आराम करा. मी स्वतः डायलिसिसवर आहे म्हणून स्पष्ट सांगतो, नुसत्या आरामाने पेशंट खंगतो. चार तास मशीनवर आडवं, घरी येऊन परत आडवं, बघता बघता मांड्या सुकतात आणि संडासातून उठताना भिंत धरावी लागते. आजाराने स्नायू झिजतातच, पडून राहिलं की अजून झिजतात.

आधी किडनीच्या डॉक्टरांना विचारा, हृदयाची तपासणी बघून ते हो म्हणाले की मगच पुढचं वाचा.

घरचा व्यायाम सोपाय. डायलिसिस नसेल त्या दिवशी चालणं, खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंत धरून टाचा वर-खाली, बास. चालताना बोलता आलं पाहिजे, धाप लागून वाक्य तुटायला लागलं तर वेग कमी करा. दहा हजार पावलांचं खूळ आपल्यासाठी नाही. सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडतो, तेव्हा सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला जायचं तर सकाळी लवकर जाऊन ऊन चढायच्या आत घरी या, नाहीतर घरातच फेऱ्या मारा.

खरी गोम मशीनवरच्या पेडलमध्ये आहे. पलंगाच्या पायथ्याशी ठेवायचं छोटं पेडल मिळतं, झोपून किंवा टेकून बसून मारता येतं. पण कधी मारायचं हे कुणी नीट सांगत नाही. मला एकाने सांगितलं होतं की शेवटच्या तासात मारा, वेळ पटकन जातो. तसं केलं तर डोळ्यापुढे अंधारी, पोटरीत असा गोळा आला की ओरडलो, आणि सिस्टरला धावत येऊन पाय वर करून सलाईन सोडावं लागलं. असला सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. मशीन जसजसं पाणी ओढत जातं तसतसं रक्तातलं पाणी कमी होत जातं आणि शेवटी शेवटी बीपी पडायला टपलेलंच असतं. म्हणून पेडल पहिल्या दोन तासांतच, त्यातही मशीन लागून बीपी एकदा मोजून झालं की लगेच. नंतर कितीही फ्रेश वाटू द्या, नाही म्हणजे नाही.

दुसरं म्हणजे नाश्ता. आपल्याकडे मशीनवर पडल्या पडल्या डबा उघडतात, इडली, पोहे, काहीही. जेवल्यावर रक्त पोटाकडे वळतं आणि बीपी आणखी खाली येतं, त्यामुळे आधी पेडल, मग थोडं थांबून हलकं खाणं. शुगरवाल्यांनी मात्र उपाशीपोटी पेडल मारू नये, घरून खाऊन यायचं आणि शुगर बघूनच सुरू करायचं.

सुरुवात पाच मिनिटांपासून, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा, महिनोन्महिने लागले तरी चालतील. पेडल फरशीवर किंवा गादीवर सरकतं, खाली जुनी सोलापुरी चादर चौपदरी घालून ठेवा, जागचं हलत नाही. एसीत थंडी वाजते म्हणून दुसरी चादर अंगावर घेतली तरी फिस्टुलाचा हात, म्हणजे ऑपरेशनने शीर आणि धमनी जोडून जिथे डायलिसिसच्या सुया टोचतात तो हात, कायम चादरीबाहेर पाहिजे, कारण सुई सरकून रक्त वाहायला लागलं तर ते सिस्टरला लगेच दिसलं पाहिजे. तो हात पेडल मारताना इंचभरसुद्धा हलवायचा नाही, जोर लावायला कठडा धरायचा तर दुसऱ्या हाताने. जांघेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिससाठी घातलेली नळी, असेल तर पेडलचा विषयच बंद.

फिस्टुला नवीन असेल तर टाके निघाल्यावर सर्जन सांगतील तेव्हापासून मऊ बॉल दाबायचा, मशीनवर नाही, घरी. त्या हाताने पाण्याची घागर उचलायची नाही आणि बीपीचा पट्टा त्या हाताला कुणालाच बांधू द्यायचा नाही, कितीही घाईत असू देत. रोज बोटं ठेवून बघा, मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे. ती थांबली तर संध्याकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

व्यायामानंतर नारळपाणी प्या असं सांगणारे बरेच भेटतात. प्यायचं नाही. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आपल्या शरीरातून ते बाहेर पडत नाही आणि वाढलं की थेट हृदयाचे ठोके बिघडतात. तहान लागली तर चूळ भरा किंवा बर्फाचा छोटा खडा चघळा, तोही दिवसाच्या पाण्यात मोजून. आणि शेंगाचटणी कमी करा की ओ, मीठ पोटात गेलं की तहान लागणारच.

डायलिसिस चुकलं असेल, दोन डायलिसिसच्या मध्ये वजन खूप वाढलं असेल, ताप असेल, छातीत दुखत असेल, आडवं पडल्यावर दम लागत असेल, तर त्या दिवशी व्यायाम बंद, आणि नुसतं बंद करून गप्प बसू नका, सिस्टरला किंवा डॉक्टरांना तिथल्या तिथे सांगा.