जर्मनीतून कायमचं परत येताना

केम्निट्झला मास्टर्स, मग स्टुटगार्टजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, आणि आता परत चिंचवड. जाताना आपण शंभर जणांना विचारतो: ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवायचं खातं) किती लागतात, एपीएस (आपल्या पदव्या तपासल्याचा दाखला) कधी मिळतं, मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या बी-वन पातळीची बॅच कधी आहे. परत यायचं ठरलं की कोणाला काही विचारावंसंच वाटत नाही, कारण काय, घरी तर चाललोय! पण ते घर बदललेलं असतं आणि आपणही. म्हणून नव्या देशात जायची केली तशीच तयारी परतीचीही करा, आणि निदान सहा महिने आधी लागा.

तिकडचं आधी. भाड्याच्या घराला साधारण तीन महिन्यांची नोटीस लागते. आबमेल्डुंग, म्हणजे इथला पत्ता सोडल्याची सरकारी नोंद, निघायच्या फार तर एक आठवडा आधी करता येतं, आणि तो कागद जपून ठेवायचा. आरोग्य विमा, मोबाइलचा करार, रेडिओ-टीव्हीची वर्गणी, सगळीकडे तोच मागतात. बँक खातं मात्र लगेच बंद करू नका. घराचं डिपॉझिट हीटिंगचा हिशेब होईपर्यंत काही महिने अडकून राहतं, टॅक्सचा परतावाही मागाहून येतो. पेन्शनची वर्गणी 60 महिन्यांपेक्षा कमी भरली असेल, तर युरोपीय संघाबाहेर 24 महिने राहिल्यावर आपल्या वाट्याचे पैसे परत मागता येतात. कंपनीचा वाटा मिळत नाही. पाच वर्षं पुरी झाली असतील तर परतावा विसरा, म्हातारपणी पेन्शन मिळेल.

कंपनीकडून आर्बाइट्सत्सॉयग्निस, म्हणजे कामाचं प्रशस्तिपत्र, इंग्रजीतही मागून घ्या. इकडच्या एचआरला रिलीव्हिंग लेटर, एक्सपीरियन्स लेटर आणि पगाराच्या पावत्या हव्या असतात, आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाल्यांना जर्मन येत नाही.

आता भारतातलं. सगळ्यात मोठी अडचण पैशाची नाही, मोबाइल नंबरची. आधार, बँक, पॅन, सगळ्याचा ओटीपी जुन्या नंबरवर येतो. तीन महिने न वापरलेलं, बॅलन्स नसलेलं सिम कंपनी बंद करू शकते आणि पुढे तो नंबर दुसऱ्या कोणाला देऊन टाकते. माझ्या एका मित्राचा नंबर असाच सोलापूरच्या एका गृहस्थांकडे गेला. हा बँकेत लॉगिन करणार आणि ओटीपीसाठी त्यांना फोन लावणार! ते बिचारे सांगायचेही. तेव्हा तिकडे असतानाच घरच्यांना रिचार्ज करत राहायला सांगा.

परतल्यावर एनआरओ खातं (परदेशात असताना भारतातल्या कमाईसाठी ठेवलेलं) साधं करून घ्यायचं. एनआरई (परदेशातल्या कमाईचं) साधं करता येतं किंवा त्यातले पैसे आरएफसी, म्हणजे परतलेल्यांसाठीच्या परकीय चलनातल्या, खात्यात ठेवता येतात. जर्मनीतलं खातं ठेवायला आडकाठी नाही. आधीच्या सात आर्थिक वर्षांत मिळून भारतात 729 दिवस किंवा त्याहून कमी राहिला असाल तर 'आरएनओआर' (रहिवासी, पण कराच्या दृष्टीने अजून पूर्ण नाही) हा दर्जा मिळतो, आणि तोवर तिकडच्या ठेवींच्या व्याजावर इथे सहसा कर लागत नाही. पूर्ण रहिवासी झालात की मात्र परदेशी खाती विवरणपत्रात दाखवावीच लागतात. ह्यासाठी सीएला दिलेली फी सत्कारणी लागते. लायसन्स संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा टेस्ट आहे, हेही ध्यानात असू द्या.

कागदपत्रं उरकतात. माणसांचं तसं नाही. पहिले पंधरा दिवस अळूवडी आणि पुरणपोळी, नंतर 'कुठे चाललीस, कधी येशील?' सुरू. इतकी वर्षं एकटीने घर चालवलं ह्याची इथे कुठे नोंदच नाही. एका रविवारी सकाळी सात वाजता वरच्या फ्लॅटमध्ये ड्रिल मशीन सुरू झालं. जर्मनीत रविवारी काचेची बाटलीसुद्धा डब्यात टाकायची नसते. मी तणतणत गॅलरीत गेले तर आई म्हणाली, "अगं, त्यांना रविवारीच सुट्टी असते." चुलतभावाने तर मला बघितलं की 'आली जर्मनी!' असं म्हणायला सुरुवात केली होती. 'तिकडे असं नसतं' हे वाक्य दिवसातून एकदाच वापरायचं, असं मग मी ठरवूनच टाकलं.

ही चिडचिड फक्त आपलीच असते असंही नाही. गलाहॉर्न दांपत्याने 1963 सालीच लिहून ठेवलंय की परदेशात रुळताना मनाची जी घसरण आणि चढण होते, तीच मायदेशी परतल्यावर पुन्हा एकदा होते. वाचून माझी चिडचिड कमी झाली नाही, पण ती आईवर निघायची थांबली.

नोकरीच्या मुलाखतीत "परत का आलात?" हा प्रश्न हटकून येतो. त्यांना तुमची कहाणी नको असते. ही बाई वर्षभरात पुन्हा उडून जाईल का, एवढंच चाचपायचं असतं. 'घरगुती कारणं' म्हणून मोघम उत्तर दिलंत की शंका वाढते. ठोस सांगा: इथेच घर आहे, ह्याच क्षेत्रात काम करायचंय, चाकणच्या प्लांटला रोज जायची तयारी आहे. पगाराचा आकडा युरोला शंभरने गुणून काढू नका, हाती निराशाच येईल. उलट इथे बऱ्याच कंपन्यांत 90 दिवसांचा नोटीस पीरियड असतो, आणि तुम्ही लगेच रुजू होऊ शकता. हे बायोडेटात वरच लिहा.

आणि मन द्विधा असेल तर निघण्यापूर्वीच परदेशी नागरिक कचेरीत चौकशी करा. साधा रहिवास परवाना सहा महिने देशाबाहेर राहिलं की संपतो, ब्लू कार्डवाल्यांना (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) बारा महिने मिळतात. कायमचं म्हणून सोडलंत तर तेवढीही मुदत राहत नाही. जास्त मुदत हवी असेल तर अर्ज निघण्याआधीच द्यायचा आणि मंजुरी लेखी घ्यायची.