डेटाबेस सर्व्हर अपग्रेड करताना फाइलींच्या जागा कशा सांभाळाव्यात

वाशीच्या एपीएमसीतला गाळा असो की वागळे इस्टेटमधलं छोटं युनिट, बिलिंगचा सर्व्हर बहुधा एकच असतो आणि त्यावर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल हा डेटाबेस वर्षानुवर्षं चालू असतो. एक दिवस ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड होते, सॉफ्टवेअर उघडतं, पण सगळ्या पार्ट्यांची खाती रिकामी दिसतात. अशा वेळी डेटा बहुतेकदा जिथल्या तिथेच असतो, फक्त नवा सर्व्हर भलत्याच फोल्डरमध्ये बघत असतो. खरं नुकसान होतं ते त्यानंतर घाबरून केलेल्या पुसापुशीने.

खालच्या आज्ञा आणि पाथ उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, टाइप करताना नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग वापरा. उदाहरण डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) ११ वरून १२ वर जाण्याचं आहे. पहिल्यात पोस्टग्रेसची १३ वी आवृत्ती येते, दुसऱ्यात १५ वी.

वेळ ठरवा

भाजी-फळांच्या बाजारात पहाटेच व्यवहार सुरू होतात, त्यामुळे तिथे ‘रात्री करून टाकू’ चालत नाही. दुपारी गर्दी ओसरल्यावर काम घ्या. महापे, रबाळे, तुर्भे पट्ट्यात असाल तर त्या दिवशी महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवलेली नाही ना, तेही बघून घ्या. डेटा कॉपी होत असताना यूपीएस संपणं परवडत नाही.

चालू सर्व्हरलाच पत्ते विचारा

कॉन्फिग फाइल वाचून अंदाज बांधू नका. मशीनवर एकाच नावाच्या दोन-तीन फाइली पडलेल्या असतात आणि त्यातली नेमकी कुठली चालू आहे हे फक्त चालू सर्व्हरच सांगू शकतो. ‘पोस्टग्रेस’ युजरने पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला आज्ञा देण्याचा प्रोग्राम) जाऊन ‘शो डेटा_डिरेक्टरी’, ‘शो कॉन्फिग_फाइल’, ‘शो एचबीए_फाइल’ आणि ‘शो पोर्ट’ चालवा. टेबलस्पेस (टेबलांच्या फाइली ठेवण्याच्या वेगळ्या जागा) दुसऱ्या डिस्कवर असतील तर ‘\डीबी’ दिलं की दिसतील. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल तर ‘सिलेक्ट @@डेटाडिर’ पुरे. उत्तरं कागदावर किंवा दुसऱ्या मशीनवर लिहून ठेवा, कारण हाच सर्व्हर उद्या सुरू झाला नाही तर त्यातली नोंद कामाची नाही.

मग ‘पीजी_डंपऑल’ने पूर्ण बॅकअप घ्या आणि तो बाहेरच्या डिस्कवर हलवा.

डिस्कची जागा: इथेच जास्त लोक अडकतात

डेबियनवर डेटा मुळात ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेस्क्यूएल/१३/मेन’मध्ये असतो आणि कॉन्फिग ‘/ईटीसी/पोस्टग्रेस्क्यूएल/१३/मेन’मध्ये. आवृत्तीचा आकडा पाथमध्येच असल्याने नवी आवृत्ती जुन्या फोल्डरला हात लावत नाही, हे चांगलंच आहे. पण पुष्कळ ठिकाणी जागा कमी पडली म्हणून कोणीतरी डेटा मोठ्या डिस्कवर, समजा ‘/डेटा/पीजी१३’मध्ये, हलवलेला असतो. अपग्रेडच्या आज्ञेत नवी जागा सांगितली नाही तर नवा क्लस्टर (एका आवृत्तीचा डेटा फोल्डर आणि त्यावर चालणारा सर्व्हर) मुळातल्या जागी, म्हणजे सिस्टिमच्या छोट्या डिस्कवर तयार होतो. ४० जीबी डेटा ३० जीबीच्या डिस्कवर ओतायला लागला की अर्ध्यात सगळं थांबतं, आणि डिस्क भरल्यामुळे बाकीच्या सेवाही बसतात. आधी ‘डीयू -एसएच’ने डेटाचं आणि ‘डीएफ -एच’ने डिस्कचं माप घ्या. ज्या डिस्कवर नवा क्लस्टर जाणार तिथे डेटाएवढी जागा आणि वर थोडी मोकळी हवीच.

प्रत्यक्ष अपग्रेड

सिस्टिम अपग्रेड झाल्यावर ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ चालवा. दोन ओळी दिसतील: १३ पोर्ट ५४३२ वर, आणि पॅकेजने आपणहून बनवलेला रिकामा १५ पोर्ट ५४३३ वर. हा रिकामा क्लस्टर ‘पीजी_ड्रॉपक्लस्टर --स्टॉप १५ मेन’ने काढावा लागतो, नाहीतर पुढची आज्ञा ‘आधीच अस्तित्वात आहे’ म्हणून थांबते. एंटर दाबण्यापूर्वी आकडा पुन्हा वाचा. इथे १५च्या जागी १३ लिहिलं तर तुमचा खरा डेटा पुसला जाईल.

त्यानंतर: ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर -व्ही १५ १३ मेन /डेटा/पीजी१५’. शेवटचा शब्द म्हणजे नवी जागा, तोच विसरला जातो. काम संपल्यावर नवा क्लस्टर ५४३२ घेतो आणि जुना दुसऱ्या पोर्टवर जाऊन आपोआप सुरू होणं बंद होतं. त्यामुळे बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये पोर्ट बदलावा लागत नाही. पोस्टजीआयएससारखी एक्स्टेन्शन (पोस्टग्रेसला जोडलेल्या जादा सोयी) असतील तर त्यांची १५ साठीची पॅकेजेस आधी टाका.

डेटा खूप मोठा असेल तर ‘-एम अपग्रेड --लिंक’ची पद्धत झटपट होते. मात्र जुना आणि नवा फोल्डर एकाच फाइलसिस्टिमवर हवेत, आणि नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुन्याकडे परतता येत नाही. शिवाय सिस्टिमची अक्षरक्रम लावणारी लायब्ररीही बदललेली असते आणि या पद्धतीत इंडेक्स जुन्या क्रमानेच पुढे येतात, म्हणून नंतर ‘रीइंडेक्स’ करा. लहान दुकानाच्या डेटासाठी वरच्या पहिल्या आज्ञेतली डंप-रिस्टोअरचीच (डेटा बाहेर काढून नव्यात पुन्हा भरण्याची) पद्धत आम्ही सुचवतो. वेळ जास्त जातो, पण परतीची वाट उघडी राहते.

मायएसक्यूएलवाल्यांनी एका प्रश्नाकडे लक्ष द्यावं. अपग्रेड चालू असताना ‘कॉन्फिग फाइल तुमची ठेवू की पॅकेजची घेऊ’ असं विचारलं जातं. पॅकेजची घेतली तर तुम्ही बदललेली ‘डेटाडिर’ची ओळ जाते आणि सर्व्हर मुळातल्या जागेकडे वळतो. तुमचीच ठेवा, आणि शेजारी ‘.डीपीकेजी-डिस्ट’ नावाने आलेली नवी फाइल सावकाश ताडून बघा.

सर्व्हर सुरूच झाला नाही तर

डेटा हाताने हलवला असेल तर प्रथम मालकी आणि परवानगी तपासा. पोस्टग्रेसला डेटा फोल्डर ०७०० किंवा ०७५० च लागतो, त्याहून सैल असेल तर तो सुरू व्हायला साफ नकार देतो. कॉपी ‘आरसिंक -ए’ने करा. उबुंटूवर मायएसक्यूएलचा नवा फोल्डर ॲपआर्मरच्या (कुठला प्रोग्राम कुठल्या फाइलींना हात लावू शकतो हे ठरवणारी सुरक्षा) प्रोफाइलमध्ये नोंदवावा लागतो. रेडहॅट कुळातल्या सिस्टिमवर तशाच सुरक्षेसाठी, एसईलिनक्ससाठी, ‘सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ आणि मग ‘रिस्टोअरकॉन’ चालवा. परवानग्या बरोबर दिसत असूनही ‘परमिशन डिनाइड’ येतं ते यामुळेच.

वीज जाऊन आल्यावर डेटाची डिस्क माउंट होण्याआधीच सर्व्हर उठायचा प्रयत्न करतो, हाही नेहमीचा घोटाळा. सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू करणारा प्रोग्राम) युनिट फाइलमध्ये ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा’ ही ओळ घातली की तो डिस्कची वाट बघतो.

पोस्टग्रेस डॉकरमध्ये चालवत असाल तर पोस्टग्रेसच्या १८ व्या आवृत्तीच्या अधिकृत इमेजमध्ये जागाच बदलली आहे: डेटा ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेस्क्यूएल/१८/डॉकर’मध्ये असतो आणि व्हॉल्यूम ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेस्क्यूएल’ला जोडायचा असतो. कंपोज फाइलमधली ‘/डेटा’ने संपणारी जुनी ओळ तशीच ठेवू नका.

जुन्या पत्त्यांचा शोध

‘ग्रेप -आर’ने ‘/ईटीसी’ आणि तुमच्या स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये ‘पोस्टग्रेस्क्यूएल/१३’ शोधा. सर्वांत घातक जागा म्हणजे क्रॉनमधला (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) बॅकअप. तिथे १३चा ‘पीजी_डंप’ पूर्ण पाथसकट लिहिलेला असतो आणि तो १५च्या सर्व्हरचा डंप घ्यायला नकार देतो. क्रॉन मात्र रोज ठरल्या वेळी चालतो आणि रोज शून्य बाइटची फाइल तयार करतो. पाथ बदला, रात्रीची वाट न बघता स्क्रिप्ट हाताने चालवा, फाइलचा आकार बघा आणि तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर एकदा रिस्टोअर करा.

जुना क्लस्टर लगेच काढू नका. एक महिनाअखेर होऊ द्या, जीएसटीचं रिटर्न नव्या सर्व्हरवरच्या आकड्यांनी भरलं जाऊ द्या. मगच ‘पीजी_ड्रॉपक्लस्टर १३ मेन’, आणि त्यानंतर १३चं पॅकेज काढा.