नवा पाय घेऊन गावी आलेल्या जवानासाठी

1999 साली कारगिलकडच्या बटालिकला सुरुंगावर माझा डावा पाय गेला. गुडघ्याखाली जेमतेम वीतभर उरला. पुण्याला वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात नव्या पायावर चालायला शिकलो नि गावी आलो. तिथली फरशी सपाट. इथं उंबरा, बांध, चिखल. म्हणून भावा, हे नीट वाच.

रोज रात्री पाय काढलास की स्टंप, म्हणजे कापून उरलेला पाय, आरशात बघ. टोकाची मागची बाजू एरवी दिसतच नाही, तेव्हा हातातला आरसा उशाशीच ठेव. पाव तासात लाली गेली तर ठीक. राहिली, तर दुसऱ्या दिवशी पाय घालायचा नाही, कुबड्या घ्यायच्या आणि सॉकेट, म्हणजे स्टंप बसतो ती नव्या पायाची खोबण, दाखवून घ्यायचं. भाच्याच्या लग्नात मी दिवसभर उभा होतो. फोड आला होता, पण कुबड्या घेऊन मांडवात जायची लाज वाटली. त्यात पू झाला. दीड महिना पाय कोपऱ्यात पडून होता आणि ज्वारीची काढणी बायकोनं एकटीनं केली. ते मला अजून लागतं.

स्टंप रात्रीच साध्या साबणानं धू आणि टिपून कोरडा कर. तेल लावायचं तर तेही रात्रीच. ओल्या किंवा तेलकट कातडीवर सॉकेट चढवलं की ती सोलवटते. स्टंपवर चढवायचे मोजे रोज धुतलेलेच घाल.

चालून चालून स्टंप बारीक होतो. सकाळी एका मोज्यावर घट्ट बसलेला पाय दुपारी आत खचतो, टोक तळाला टेकतं. तसं वाटलं की तिथंच बांधावर बस, पाय काढ, दुसरा मोजा चढव. माझ्या सदऱ्याच्या खिशात दोन मोजे कायम असतात. लोक बघतात, बघू देत.

झोपताना आई मायेनं गुडघ्याखाली उशी देईल. घेऊ नकोस, गुडघा वाकलेलाच आखडतो. थोडा वेळ पालथा झोप.

रात्री नसलेला अंगठा दुखेल. वेड लागलं असं समजू नकोस, कितीतरी जणांना दुखतो. दोन्ही पायांच्या मधे उभा आरसा धर, त्यात चांगल्या पायाकडे बघत बोटं हलव. मला त्यानं बराच उतार पडला. नाहीच पडला तर डॉक्टरला सांग, दारूकडे वळू नकोस.

न्हाणीघरात स्टूल आणि भिंतीला पक्का दांडा आधी बसवून घे. ओल्या फरशीवर एका पायानं उड्या मारत जायचं नाही.

नोकरीचं बघायचं तर खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. जखमी जवानांना काम शिकवायला ती 1917 मध्ये सुरू झाली. अर्जाची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कर. जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि लढाईत जखमी झाल्याचा कागद, तिन्हींच्या झेरॉक्स ने. मूळ कागद दाखवायचे आणि लगेच पिशवीत परत ठेवायचे.