पायलट ते स्केल-अप : नवीन जॉईन होणाऱ्यांनी पहिल्या पगाराची तारीख आधी विचारा

शिक्षण नाहीतर स्किलिंगच्या प्रोग्रॅममध्ये नवीन लागलेल्यांसाठी लिहितेय. मोबिलायझेशन (गावोगाव फिरून पोरं गोळा करणं), बॅच, असेसमेंट (परीक्षा), प्लेसमेंट (नोकरीला लावणं) हे माहितीये असं धरते. मी मराठवाड्यातल्या एका सेंटरवर सुरुवात केली, आता चार जिल्हे बघते आणि रिव्ह्यूच्या आदल्या रात्री अजूनही झोप लागत नाही, तेव्हा मोठं कोणी बोलतंय असं समजू नका.

जॉईन झाल्या झाल्या तुम्हाला सांगतील की पायलट, म्हणजे छोटा पहिला प्रयोग, मस्त झालाय, मॉड्यूल तयार आहे, आता फक्त बाकीच्या जिल्ह्यांत न्यायचंय. तिथेच थांबा आणि विचारा, पायलटमध्ये पोरं नोकरीत टिकली ती नेमकी कशामुळे?

आमच्याकडे सगळे म्हणायचे अभ्यासक्रमामुळे. खरं कारण होतं सेंटरवरचा एक दादा. त्याची चाकणला ओळख होती, तो रूममालकाला फोन करून डिपॉझिट थांबवायचा, मेसवाल्याला सांगायचा पगार झाला की देतील, आणि अडलंच तर स्वतःच्या खिशातून द्यायचा. हे कुठल्याच रिपोर्टमध्ये नव्हतं. विस्तार झाला तेव्हा मॉड्यूल गेलं, टॅब गेले, बॅनर गेले, दादा एकाच ठिकाणी राहिला. मग पोरं पंधरा-वीस दिवसांत गावाकडे परत, आणि ड्रॉपआउटच्या कॉलममध्ये आम्ही सगळे लिहायचो 'मोटिव्हेशनचा अभाव', मीसुद्धा.

आता जरा हिशोब करा, कंटाळा आला तरी करा. पोरगा पाच तारखेला जॉईन झाला. कंत्राटदार पगार करतो पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला. म्हणजे पस्तीस दिवस हातात काही नाही, आणि रूमचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स, गादी, बादली, सेफ्टी शूज, शिफ्टची गाडी चुकली तर रिक्षा, हे सगळं पहिल्याच आठवड्यात. घरी मागावं तर सोयाबीन अजून शेतात. वीस तारखेला कंपनीत सोडलं तर तोच पोरगा त्याच नोकरीत वीसच दिवसांत पहिला पगार बघतो, अर्थात महिनाअखेरपर्यंतचा धरला तर दहा-अकरा दिवसांचाच, पण हातात काहीतरी पडतं. कितीतरी पोरांचं मोटिव्हेशन एवढ्या एका तारखेवर अवलंबून असतं!! म्हणून प्लेसमेंट ड्राइव्हची तारीख ठरवताना कंपनीची पगाराची तारीख आणि पगार कुठल्या दिवसापर्यंतचा धरतात, दोन्ही विचारा. एचआरला लाजू नका, आणि एचआरपेक्षा कंत्राटदाराच्या सुपरवायझरला विचारा, त्याला खरं माहीत असतं.

हे कोणाला कळत नाही असं नाही. २०१४ला सुरू झालेल्या डीडीयू-जीकेवायमध्ये (ग्रामीण तरुणांना शिकवून नोकरीला लावायची केंद्र सरकारची योजना) तीन महिने नोकरी टिकल्याशिवाय प्लेसमेंट धरतच नाहीत, आणि नोकरी लागल्यावर मुलांना काही महिने हजार-हजार रुपये द्यायची सोयही त्यात ठेवलेली. पण कागद फिरून पैसे खात्यात पडेपर्यंत पोरगा गावात पोचलेला असतो, हा माझा अनुभव. आपल्या बजेटमध्ये छोटी उचल धरून ठेवा. डोनर कुरकुर करेल, करू दे.

शिक्षणातही हाच घोळ आहे, मॉड्यूल पुढे जातं आणि ज्यामुळे जमलं ते मागे राहतं. 'प्रथम' या शिक्षणातल्या संस्थेने मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवून शिकवायची पद्धत काढली. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना नुसतं साहित्य आणि ट्रेनिंग दिलं तेव्हा शाळेच्या वर्षात फरक पडला नाही, पण तिथल्याच सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरात शिकवलं तेव्हा पडला, कारण शिबिरात अभ्यासक्रम संपवायची घाई नव्हती. मग हरियाणात २०१२-१३ला रोजचा एक तास वेगळा काढून दिला, तेव्हा शाळेच्या वर्षातही जमलं. केनियात तर एकच कंत्राटी शिक्षकांची योजना काही शाळांत एनजीओने चालवली, काही शाळांत सरकारने. एनजीओकडे मुलांचे मार्क वाढले, सरकारकडे काहीच नाही. सरकारकडे शिक्षकांचे पगार उशिरा आणि देखरेख कमी होती. बघा, पगाराची तारीख तिथेही आलीच.

मेंटॉरबद्दल माझं मत कडक आहे. ज्याने स्वतः एक तरी बॅच सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवली नाही, त्याचं पीपीटी ऐका, चहा प्या आणि विसरा. हरियाणात देखरेख करणाऱ्यांना आधी स्वतः वर्गात पंधरा-वीस दिवस शिकवायला लावलं होतं, मग इतरांना सांगायची परवानगी. तसंच, मॉनिटरिंगचे ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स करत बसण्यापेक्षा एक रविवार वाळूज नाहीतर रांजणगावच्या एमआयडीसीत आपल्याच पोरांच्या रूमवर जाऊन बसा. ते सांगतील ताई, सगळं बरंय. जेवायच्या वेळेपर्यंत बसून राहा, मग खरं निघतं.

इंग्रजी कच्चं असेल तर घाबरू नका. माझं अजूनही कच्चं आहे, लॉगफ्रेम (प्रकल्पाची उद्दिष्टं आणि निकाल मांडायचा तक्ता) पहिल्यांदा बघून डोकं गरगरलं होतं. पोरांना फोन लावून ती बोलती होत असतील तर बाकी सगळं येतं. पण टार्गेटसाठी खोट्या पेस्लिप जोडायला कोणी सांगितलं तर पहिल्याच दिवशी नाही म्हणा, नंतर म्हणता येत नाही, आणि सही तुमची असते.

आणि हो, स्वतःच्या ऑफर लेटरमध्ये प्रवासखर्च कधी मिळणार तेही लिहून घ्या. फील्डचं पेट्रोल आपण आधी टाकतो, परतावा दोन-दोन महिने येत नाही.