गेमिंग पीसी जोडताय? निदान या चुका तरी टाळा

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्या व्हॉट्सॲपवर दुकानांच्या कोटेशनचे फोटो यायला लागतात. खाली एकच ओळ असते, "काका, हे चालेल ना? उद्या ॲडव्हान्स द्यायचाय." ॲडव्हान्स उद्या आणि प्रश्न आज! बरं, कोटेशनंही इतकी एकसारखी की फोटो मोठा करून बघायच्या आधीच माझं उत्तर तयार असतं. प्रोसेसरवर पैसे ओतलेले, रंगीत दिव्यांच्या पंख्यांवर ओतलेले, काचेच्या कॅबिनेटवर ओतलेले, आणि शेवटच्या ओळीत 'एसएमपीएस : कॅबिनेटसोबत फ्री'. एसएमपीएस म्हणजे घरच्या विजेतून पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. माझं डोकं तिथेच फिरतं, म्हणून सुरुवातही तिथूनच करतो.

फुकटचा एसएमपीएस

सांगलीतल्या एका मित्राचा मुलगा डिप्लोमाला आहे. सुट्टीत त्याने पीसी जोडून घेतला. रायझन फाइव्ह ५६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. निवड अजिबात वाईट नव्हती. व्हॅलोरंट तासन्‌तास चालायचा, पण जीटीए फाइव्हसारखा जड गेम लावला की थोड्या वेळात पीसी खाडकन बंद. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, काही नाही. दुकानदाराने विंडोज नव्याने टाकून दिलं. दोन दिवसांनी परत टाकून दिलं. मग रॅम बदलली. मग म्हणाला, "कार्डच गेलेलं दिसतंय, कंपनीकडे पाठवू, महिनाभर लागेल." मुलगा रडकुंडीला आलेला, आणि त्याचे वडील येता-जाता ऐकवत होते की एवढ्या पैशात सेकंडहँड स्कूटर आली असती.

मी दुसऱ्याच कामाने सांगलीला गेलो होतो. कॅबिनेटची बाजू उघडायला लावली. कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर त्या एसएमपीएसला नव्हतीच. जुन्या हार्डडिस्कला लागायच्या त्या चार पिनांच्या दोन मोलेक्स वायरी एका अडॅप्टरमध्ये खुपसून त्यावर कार्ड चालवलेलं. अडॅप्टरचं पांढरं प्लॅस्टिक एका कडेला तपकिरी पडलं होतं आणि नख लावलं तर दबत होतं. एसएमपीएस बाहेर काढून लेबल बघितलं. वर ठळक '५०० वॉट'. खाली बारीक अक्षरांतलं कोष्टक, आणि त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. मुलाला म्हटलं, "गुणाकार कर."

"एकशे ब्याण्णव."

"आणि तुझं कार्ड किती खातं?"

त्याने मोबाइलवर शोधलं. "एकशे सत्तर."

प्रोसेसरचा आकडा शोधायची मग गरजच उरली नाही.

झालेलं एवढंच. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे खादाड १२ व्होल्टवरच चालतात. स्वस्त एसएमपीएसवाले ३.३ आणि ५ व्होल्टचे आकडे त्यात मिसळून छातीठोकपणे ५०० लिहितात. म्हणून पुढचा मोठा आकडा बघूच नका, १२ व्होल्टचे अँपिअर बघा आणि बाराने गुणा. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ३६-३७ अँपिअर लिहिलेले असतात. लेबलचा फोटो दाखवायला जो दुकानदार कां-कू करतो, त्याच्याकडून मी केबल टायसुद्धा घेत नाही.

'८० प्लस ब्राँझ'चा शिक्का म्हणजे वीज किती वाया जाते त्याची चाचणी. आतला माल किती टिकाऊ आहे हे त्यावरून कळत नाही. तरीही शिक्का असलेला आणि पाच वर्षांची वॉरंटी असलेला घ्या, कारण एवढी वॉरंटी देणाऱ्याला स्वतःच्या मालाची थोडी तरी खात्री असते. मध्यम कार्डासाठी ५५०-६५० वॉट भरपूर होतात. चार-पाच हजार जातात. जाऊ द्या. त्यासाठी कार्ड एक पायरी खालचं घ्यावं लागलं तरी घ्या.

यूपीएस आणि अर्थिंग

सांगलीच्या पीसीत नवा एसएमपीएस बसला, गेम सुरळीत चालू लागले. आठवड्याभराने पुन्हा फोन. "काका, लाइट गेली की लगेच बंद पडतो. यूपीएस आहे तरी." यूपीएस होता ६०० व्हीएचा, वडिलांच्या जुन्या ऑफिस-पीसीचा. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हेत, अशा यूपीएसवर साधारण ३६० वॉटच मिळतात. बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी असेल तर तेवढेही नाहीत. गेम चालू असताना कार्ड क्षणभर बरंच जास्त ओढतं आणि नेमकी तेव्हा लाइट गेली की यूपीएस मान टाकतो. त्यात चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असतं, आणि स्वस्त यूपीएस देतो ती ओबडधोबड लाट त्याला नेहमीच मानवते असं नाही. १००० व्हीएच्या खाली जाऊ नका. प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा, परवडला तर तो घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो स्क्वेअर वेव्हचा नाही ना, हे आधी बघा, आणि मागे 'यूपीएस मोड'चं बटण असेल तर ते चालू करा.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रारही नेहमीची. पीसी बिघडलेला नसतो. एसएमपीएसच्या आतले फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोघांनाही अर्थिंगशी जोडलेले असतात, आणि घरात अर्थिंगच नसेल तर पत्र्यावर निम्मं व्होल्टेज येऊन बसतं. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसऱ्या पिनेचं भोक केवळ शोभेला असतं. वायरमनला बोलवा, मीटरने फेज ते अर्थिंग मोजायला लावा. २३०च्या आसपास आलं पाहिजे, आणि न्यूट्रल ते अर्थिंग दोन-चार व्होल्टच्या वर जाता कामा नये. काही महाभाग सॉकेटमध्येच न्यूट्रलची वायर अर्थिंगला जोडून देतात आणि "झालं काम" म्हणतात. असं करू देऊ नका. पुढे कुठे न्यूट्रल तुटला की अख्खी फेज कॅबिनेटच्या पत्र्यावर येईल. पायाखाली लाकडी पाट घेऊन गेम खेळणारे पाहिलेत मी. पाट काढा, वायरमन बोलवा.

'आय-सेव्हन, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स'

अशी जाहिरात दिसली की आधी विचारा, कितव्या पिढीचा? दहा-पंधरा हजारांत 'आय-सेव्हन गेमिंग पीसी' म्हणून जे विकतात त्यात बहुधा इंटेलचा आय-सेव्हन २६०० प्रोसेसर असतो. तो २०११चा. कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला प्रोसेसर, त्याखाली नव्याने बनवलेला बिननावाचा एच६१ बोर्ड (मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी), आणि वर चमचमतं कॅबिनेट. २०२२चा साधा आय-थ्री १२१००एफ याला सहज मागे टाकतो. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही, कारण इंटेलची निदान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. कुणी जुगाड करून ११ टाकून देईलही. मग त्यावर व्हॅलोरंट लावा, तो टीपीएम आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) मागेल.

'४ जीबी ग्राफिक्स'ची गंमत तर याहून न्यारी. जीटी ७३० हे २०१४चं कार्ड ४ जीबी डीडीआर३ ही जुनी, संथ मेमरी लावून अजून विकलं जातं. मेमरी किती हे विचारून कार्ड घेणं म्हणजे टाकी किती लिटरची हे विचारून गाडी घेण्यासारखं आहे. जीटी १०३० दोन प्रकारचं येतं, जीडीडीआर५चं आणि डीडीआर४चं. खोक्यावरचं नाव तेच, जीबी तितकीच, पण दुसऱ्याचा मेमरीचा वेग पहिल्याच्या जेमतेम एक तृतीयांश. आरटीएक्स ३०६०सुद्धा १२ जीबी आणि ८ जीबी अशी निघाली, आणि ८ जीबीवालीत मेमरीची बस, म्हणजे डेटा ये-जा करायची वाट, १९२ बिटांवरून १२८वर आणलेली आहे. म्हणजे फरक नुसता ४ जीबीचा नाही.

सेकंडहँडमध्ये आरएक्स ५८० घेताना विकणाऱ्याला जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून दाखवायला सांगा. शेडर (कार्डातले आकडेमोड करणारे छोटे भाग) २३०४ दिसले तर खरी. २०४८ दिसले तर ती मूळ चिनी बाजारासाठीची '२०४८एसपी', म्हणजे नाव ५८० आणि अंगात ५७०. अशा कित्येक कार्डांनी आधी क्रिप्टोच्या मायनिंगमध्ये रात्रंदिवस हमाली केलेली असते, तेव्हा तुमच्यासमोर अर्धा तास गेम चालवून दाखवत नसेल तर सरळ उठून या.

किरकोळ वाटणाऱ्या, पण रोजच्या चुका

रॅमची एकच स्टिक घेणं. १६ हव्यात तर ८ च्या दोन घ्या, त्याही प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मग बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो ही रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग चालू करा, नाहीतर ६००० वेगाची डीडीआर५ रॅम घेऊन ती ४८०० वर चालवत बसाल. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की 'आता एक स्टिक, दुसरी नंतर' हा मोह मला समजतो. पण ते 'नंतर' फारसं कुणाचं आलेलं मी पाहिलेलं नाही.

मॉनिटरची वायर कार्डाला न लावता बोर्डाला लावणं. रायझन ५६०० किंवा शेवटी एफ असलेला इंटेल असेल तर चित्रच येणार नाही, म्हणजे निदान चूक लगेच कळेल. ग्राफिक्सवाला प्रोसेसर असेल तर चित्र येतं, आणि माणूस महिनोन्‌महिने 'कार्डात दम नाही' म्हणत फिरतो.

१४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर आणून विंडोजमध्ये ६० वरच ठेवणं. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बदला.

पुढे कार्ड घ्यायचं पक्कं असताना ५६००जी (आतच ग्राफिक्स असलेला रायझन) घेणं. त्यात कॅशे (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) १६ एमबी, साध्या ५६००मध्ये ३२. शिवाय जी-वाला पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसरमधला डेटाचा रस्ता) ३.० या जुन्या आवृत्तीवरच अडकलेला. त्याला आरएक्स ६५०० एक्सटी लावली की दुष्काळात तेरावा महिना, कारण त्या कार्डाला त्या रस्त्याच्या मुळात चारच लेन आहेत.

कूलरच्या तळाचं प्लॅस्टिक न काढणं. हो, अजूनही.

समोर अखंड काच असलेलं कॅबिनेट. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात खोलीतच चाळिशी गाठलेली असते, आणि वर तुम्ही हवेची वाट बंद करता! समोर जाळी हवी, समोरून दोन पंखे आत, मागे एक बाहेर. दिवे नसले तरी चालतील.

अमेरिकन यूट्यूबरची यादी डोळे झाकून उचलणं. त्याचे भाव डॉलरमधले, तेही बहुधा विक्रीकर सोडून. आपल्याकडे १८ टक्के जीएसटी धरूनच हिशेब करायचा असतो, आणि तिकडे 'पैसा वसूल' असलेलं कार्ड इथे कधी कधी त्याच्या वरच्या कार्डाइतकंच महाग पडतं.

बिल नको, कमी करा

लॅमिंग्टन रोड असो की गावातलं कोपऱ्यावरचं दुकान, "बिल नको असेल तर थोडं कमी होईल" हे वाक्य ऐकायला मिळतंच, आणि पहिल्यांदा घेणारा खूश होतो. कार्डावर सहसा तीन वर्षांची वॉरंटी असते. दीड वर्षाने ते गेलं की सर्व्हिस सेंटरवाला सिरियल नंबर आणि बिल मागतो. एका ओळखीच्या मुलाकडे बिल होतं, पण त्यावर नुसतं 'ग्राफिक कार्ड – १ नग'. दुकानदार म्हणाला, आमची तर फक्त टेस्टिंग वॉरंटी, म्हणजे घेताना चालतंय एवढीच हमी. ते कार्ड आज त्याच्या टेबलावर पेपरवेट आहे.

माझी सवय सांगतो. बिलावर पूर्ण मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय मी पैसे देत नाही. खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढतो, बोर्डाच्या सॉकेटमधल्या पिनांचा जवळून फोटो घेतो, कारण वाकलेली पिन आधीपासूनची की तुम्ही वाकवलेली, हे नंतर सिद्ध करता येत नाही. खोकी तीन वर्षं माळ्यावर. घरचे ओरडतात, ओरडू द्या. चुलतभावाने अमेरिकेहून आणलेल्या कार्डाचं तर आधी कंपनीच्या साइटवर तपासा, कारण बऱ्याच कंपन्या तिकडच्या मालाची वॉरंटी इथे मानत नाहीत.

चालू होत नाही म्हणून घाबरणं

एएम५चा (नव्या रायझनसाठीचा) बोर्ड आणि डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळाच राहतो. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. इथे घाईचा माणूस अर्ध्या मिनिटात बटण दाबून बंद करतो, पुन्हा चालू करतो, पुन्हा बंद करतो, आणि प्रत्येक वेळी ते जुळवणं पहिल्यापासून सुरू होतं. मग रात्री अकराला मला फोन, "काका, बोर्ड डेड आहे." हात बाजूला ठेवा, चहा करून या.

दहा-पंधरा मिनिटांनीही काही दिसलं नाही तर आधी प्रोसेसरजवळची वीजवायर लावलीय का बघा. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली ती आठ पिनांची वायर हमखास राहते. मग रॅम काढून 'टक्' आवाज होईपर्यंत परत दाबा, एकच स्टिक लावून बघा. प्रोसेसर बोर्डापेक्षा नव्या पिढीचा असेल तर बायोस जुनं असू शकतं. बोर्डामागे फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेनड्राइव्हवरून घरीच अपडेट होतं, नसेल तर दुकानातून करून आणा. बऱ्याच बोर्डांवर चार बारके दिवे असतात, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट (विंडोज असलेली डिस्क). जो पेटून राहिला असेल, त्या भागापासून शोधायला लागा.