छोटी कंपनी की मोठी: होकार कळवण्यापूर्वी काय तपासावे

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या पंधरा माणसांच्या कंपनीचे एक आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) काही हजार कर्मचाऱ्यांच्या कंपनीचे दुसरे, अशी दोन ऑफर लेटर हाती असली की घरात पहिला विषय पगाराचा निघतो. सुरुवात तिथूनच करावी, मात्र आकडा सोडवून पाहावा.

समजा, मोठ्या कंपनीने वर्षाला 6 लाखांचे सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) देऊ केले आहे आणि त्यात मूळ वेतन महिना 25,000 रुपये आहे. त्यावर 12 टक्क्यांप्रमाणे तुमचा 3,000 रुपये पीएफ (भविष्य निर्वाह निधी) कापला जातो. कंपनीचा तेवढाच वाटा आणि ग्रॅच्युइटीपोटीचे (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेसाठीचे) सुमारे 1,200 रुपये बहुतेक ठिकाणी सीटीसीतच धरलेले असतात. व्यवसाय कराचे 200 रुपये वजा जाता खात्यात साडेबेचाळीस हजारांच्या आसपास जमा होतात. छोट्या कंपनीने महिना सरळ 48,000 देऊ केले, तर हातात पाच हजार जास्त येतात. पण पीएफ कायदा साधारणतः वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होत असल्याने तिथे पीएफ बहुधा नसतो. तेवढी रक्कम आपण स्वतःहून बाजूला टाकू का, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते, त्यामुळे दोन वर्षांत निघायचा विचार असेल तर ती हिशेबात धरू नये.

आकड्याइतकीच पगाराची तारीख महत्त्वाची. माझी पहिली नोकरी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या सात माणसांच्या कंपनीत होती. पगार सात तारखेला ठरलेला असे आणि अनेकदा वीस तारखेनंतर होई, कारण मालक स्वतःच एका मोठ्या ग्राहकाच्या चेकची वाट पाहत असत. म्हणून छोट्या कंपनीत एकाच ग्राहकावर किती धंदा अवलंबून आहे, हे मुलाखतीत नम्रपणे विचारावे, आणि गेल्या सहा महिन्यांत पगार कधी झाले हे तिथल्या एखाद्या कर्मचाऱ्याला चहाच्या टपरीवर विचारावे. कंपनीला पीएफ लागू असेल, तर ईपीएफओच्या (पीएफचे काम पाहणाऱ्या सरकारी संघटनेच्या) संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव शोधून भरणा दरमहा झाला आहे का ते पाहता येते. भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत करायचा असतो. त्यात महिनेच्या महिने खंड दिसला तर मी तिथे जाणार नाही.

त्याच कंपनीत मी जे शिकलो, ते नंतर कुठल्याही प्रशिक्षणात मिळाले नाही, हेही मनापासून सांगतो. माझ्या पहिल्या कोटेशनमध्ये वाहतुकीचा खर्च धरायचा राहिला होता. मालकांनी खुर्ची ओढून शेजारी बसत लाल पेनने ती ओळ लिहिली आणि ग्राहकाला फोनही मलाच करायला लावला. मोठ्या कंपनीत कामाचा एकच तुकडा वाट्याला येऊ शकतो, म्हणून तिथे कंपनीच्या नावापेक्षा टीम कोणती आणि थेट वरिष्ठ कोण, हे विचारून त्यांची भेट मागावी. मात्र पद्धतशीर प्रशिक्षण आणि गृहकर्जाच्या वेळी उपयोगी पडणारे नाव तिथे मिळते, आणि ते कमी लेखू नये.

प्रवास एकदा करून पाहावा, तोही कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळेला. डोंबिवलीहून कुर्ल्यापर्यंतची लोकल आणि पुढे बीकेसीसाठी शेअर रिक्षाची रांग, किंवा अंधेरीसाठी घाटकोपरला उतरून मेट्रो, यांत रोजचे किती तास जातात हे नकाशावरून कळत नाही.

घराचा हप्ता सुरू असेल आणि तीन-चार महिन्यांचा खर्च गाठीशी नसेल, तर मी मोठी कंपनी निवडण्यास सांगेन. घरची थोडी तरी निश्चिंती असेल आणि मालक कामातले जाणकार व शिकवणारे असतील, तर सुरुवातीची दोन-तीन वर्षे छोट्या कंपनीत घालवावीत. निवड कोणतीही असो, पगाराची तारीख, प्रोबेशन आणि नोटीस पीरियड नेमणूकपत्रात लेखी घ्यावेत. काही मोठ्या कंपन्यांत नोटीस पीरियड तीन महिन्यांचा असतो आणि पुढची नोकरी शोधताना तो आड येतो. सहीचे पत्र हाती आल्याशिवाय सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नये.